कारखान्याचं पाणी नाल्यात उतरतंय? कायदा हातात न घेता हाताशी कसा घ्यायचा

पहाटे साडेतीनला नाल्याला फेस येतो, उग्र वास सुटतो. उजाडल्यावर फोनाफोनी होते. अधिकारी येतात दुपारी, तोवर पाणी नितळ झालेलं असतं. पाहणी अहवालात ओळ पडते, ‘भेटीच्या वेळी विसर्ग आढळला नाही.’ औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांना हा क्रम पाठ असतो. मग गेटवर घोषणा, दोन दिवस बातम्या, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पहाटेचा फेस.

कायदे नाहीत म्हणून हे चालतं, असा समज आहे. कायदे भरपूर आहेत. गाडं अडतं ते पुराव्यापाशी आणि तारखांपाशी. म्हणून माझा सल्ला थोडा उलटा वाटेल: कलमं पाठ करण्याआधी कारखान्याचा स्वतःचा कागद मिळवा. त्यात त्याने काय कबूल केलंय ते एकदा कळलं की पुढची लढाई निम्मी सोपी होते.

कोणता कायदा कशासाठी

जलप्रदूषणाचा कायदा १९७४ चा, हवेचा १९८१ चा, आणि या दोन्हींवर छत्रीसारखा बसलेला पर्यावरण (संरक्षण) कायदा १९८६ चा. हा तिसरा भोपाळनंतर आला. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला, आणि धोकादायक कारखान्यांना आवरायला आपल्याकडचे तुकड्यातुकड्यांचे कायदे किती अपुरे आहेत हे उघडं पडलं. महाराष्ट्राने मात्र पाण्यापुरती घाई आधीच केली होती. इथला जलप्रदूषण कायदा १९६९ चा, आणि त्याखाली प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० सालीच उभं राहिलं, केंद्राच्या कायद्याच्या चार वर्षं आधी.

१९७४ च्या कायद्यातली एक व्याख्या मला फार आवडते. त्यात ‘प्रवाह’ म्हणजे नदी, ओढा, भूजल, समुद्र आणि खाडीचं पाणीही. शिवाय जलमार्ग वाहता असो की तूर्त कोरडा, तोही प्रवाहच. ‘अहो, हा नाला तर उन्हाळ्यात सुका असतो, इथे कुठली नदी?’ हे उत्तर तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. ते कायद्यात बसत नाही. कलम २४ खाली प्रवाहात, विहिरीत, गटारात आणि जमिनीवरही प्रदूषक सोडायला मनाई आहे. शेताच्या बांधावर रात्री टँकर रिकामा केला तरी तो याच कलमात येतो.

पहिली पायरी: संमतीपत्र

प्रदूषण करू शकणाऱ्या जवळजवळ प्रत्येक उद्योगाला मंडळाची दोनदा परवानगी लागते, एकदा उभारणीआधी आणि एकदा उत्पादन सुरू करताना. बोलीभाषेत तिला सगळे ‘कन्सेंट’ म्हणतात. मंडळ उद्योगांना लाल, नारिंगी, हिरवा, पांढरा अशा रंगांत बसवतं. लाल म्हणजे सर्वांत घातक. पांढऱ्यांना संमतीच्या अटीतून सूट. संमतीपत्राची प्रत मंडळाच्या संकेतस्थळावर शोधा. तिथे नसेल तर कार्यालयात जा. दिलेल्या संमतींची नोंदवही मंडळाने ठेवलीच पाहिजे आणि त्या विसर्गाची झळ बसणाऱ्या कुणालाही ती पाहता आली पाहिजे, असं जल कायद्याच्या कलम २५ मध्येच आहे. बाबूने कपाळाला आठ्या घातल्या तर हे कलम शांतपणे सांगा.

प्रत हातात आली की पहिल्या पानावरच्या सही-शिक्क्यात अडकू नका. थेट अटींवर या. कोणतं उत्पादन, महिन्याला किती टन, रोज किती घनमीटर पाणी घ्यायचं, किती सांडपाणी निघणार, ते कुठे सोडायचं आणि कोणत्या मर्यादेत, हे सगळं तिथे आकड्यांत असतं.

एक उदाहरण मनाने रचून दाखवतो. समजा पत्रात लिहिलंय: प्रक्रिया केलेलं ४० घनमीटर सांडपाणी रोज आवारातल्या २ एकर बागेला द्यायचं, बाहेर थेंबही सोडायचा नाही. कागदावर छान दिसतं. आता हिशेब करा. ४० घनमीटर म्हणजे ४० हजार लिटर. २ एकर म्हणजे साधारण ८ हजार चौरस मीटर. म्हणजे त्या बागेवर रोज ५ मिलिमीटर पाऊस पडल्यासारखं झालं. मे महिन्यात जमीन ते पिऊन टाकेल. जुलैत, आधीच चिखल झालेल्या जमिनीवर, ते कुठे मुरणार? उत्तर बहुतेक वेळा मागच्या भिंतीखालच्या पाइपात सापडतं. आणि बागच मुळात २ एकर आहे का, हे तर उपग्रहाच्या नकाशावर घरबसल्या दिसतं. तिथे नवी शेड उभी असेल तर तुमची तक्रार अर्धी तयार झाली.

दुसरा हिशेब गाळाचा. ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारी कारखान्यातली यंत्रणा, खरोखर चालत असेल तर त्यातून गाळ निघणारच, आणि रासायनिक कारखान्यांच्या बाबतीत तो बहुतेकदा घातक कचऱ्यात मोडतो. २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे असा कचरा आवारात एरवी ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. तो अधिकृत विल्हेवाट केंद्राकडे पाठवावा लागतो, प्रत्येक खेपेचं मॅनिफेस्ट (कोणी, काय, किती, कुठे पाठवलं याची पावती) भरावं लागतं आणि दर वर्षी ३० जूनपर्यंत वार्षिक विवरण द्यावं लागतं. उत्पादन दुप्पट झालं आणि गाळ मात्र तेवढाच किंवा कमी, असं विवरणात दिसलं तर ईटीपी शोभेची आहे असा संशय घ्यायला जागा आहे. बऱ्याच संमतीपत्रांत ईटीपीला वेगळं वीजमीटर बसवण्याची अट असते. ते मीटर किती फिरलं हे विचारलेलं कुणाला आवडत नाही, म्हणून जरूर विचारा.

याशिवाय संमती असलेला प्रत्येक उद्योग दर वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत पर्यावरण विवरणपत्र देतो. किती पाणी वापरलं, किती कच्चा माल, किती प्रदूषक बाहेर गेले, हे तो स्वतःच लिहून देतो. दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं शेजारी ठेवून वाचली की विसंगती आपोआप बोलायला लागतात.

मोठ्या प्रकल्पांना संमतीच्या आधी पर्यावरणीय मंजुरीही लागते, १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेखाली. त्या मंजुरीच्या अटी पाळल्याचा सहामाही अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो आणि तो सार्वजनिक दस्तऐवज आहे. पर्यावरणीय मंजुऱ्यांच्या ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर शोधा.

दुसरी पायरी: वही

दोनशे पानी वही आणा. तारीख, वेळ, वारा कुठून, पाण्याचा रंग, वास, किती वेळ चाललं, कोणी पाहिलं. ‘नेहमी वास येतो’ या वाक्याची किंमत शून्य. ‘१२ जून, पहाटे ३.४० ते ४.२५, मागच्या भिंतीखालच्या सहा इंची पाइपातून तपकिरी पाणी, पाहणारे तिघे’ याला उत्तर द्यावं लागतं. फोटोत एखादी ओळखीची खूण येऊ द्या, प्लॉट नंबरची पाटी, पुलाचा कठडा, विजेचा खांब. मूळ फाइल मोबाइलमध्येच ठेवा. व्हॉट्सॅपवरून फिरलेल्या फोटोत वेळेचा आणि जागेचा तपशील सहसा उरत नाही.

दोन महिने वही भरली की वेळापत्रक दिसायला लागतं. शनिवारी रात्री, सुट्टीच्या आदल्या दिवशी, पहिल्या मोठ्या पावसात. ते वेळापत्रकच अधिकाऱ्यांपुढे ठेवा आणि त्या वेळी येण्याची मागणी करा. एका गावात बायकांनी ही वही ठेवली होती, कारण पहाटे पाण्याला त्याच उठायच्या. त्या वहीतल्या नोंदी बघून मंडळाचा माणूस एका रविवारी पहाटे चारला आला. एरवी कोण येतो?

तिसरी पायरी: पाण्याचा नमुना

इथे बहुतेक लोक फसतात, म्हणून जरा थांबून सांगतो. तुम्ही बाटलीत भरलेलं पाणी आणि कायद्याने घेतलेला नमुना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे नमुना मंडळाचा अधिकृत माणूस घेतो. तो कारखान्याच्या माणसाला तिथल्या तिथे नोटीस देतो, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करतो, डबे सील होतात, त्यावर दोघांच्या सह्या होतात. ही रीत पाळली नाही तर विश्लेषणाचा निष्कर्ष न्यायालयात पुरावा म्हणून धरत नाहीत. सील नीट नव्हतं, नोटीस नव्हती, एवढ्यावर खटले पडतात. म्हणून नमुना घेताना तुम्ही हजर असाल तर घेण्याची जागा, वेळ आणि सीलचा क्रमांक आपल्या वहीत उतरवून घ्या. ‘साहेब, इथून नको, तो पाइप तिकडे आहे’ असं म्हणायची हीच वेळ.

मग स्वतः नमुना घ्यायचाच नाही का? घ्यायचा. मंडळाला हलवायला आणि हरित न्यायाधिकरणापुढे, म्हणजे पर्यावरणाच्या वादांसाठीच्या खास न्यायालयापुढे, त्याचा उपयोग होतो. न्यायाधिकरण पुराव्याच्या कायद्याच्या काटेकोर नियमांना बांधलेलं नाही. फक्त घेताना अक्कल वापरा. तीन ठिकाणचं पाणी घ्या: पाइपाच्या वरच्या अंगाचं, पाइपाच्या तोंडाचं, खालच्या अंगाचं. वरच्या अंगाचं नसेल तर कारखाना सरळ म्हणेल, घाण आधीपासूनच येत होती. बाटली स्वच्छ हवी, तेलाची तपासणी करायची तर काचेचीच. बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पोचवा. आधी प्रयोगशाळेला फोन करा. काही तपासण्यांसाठी नमुन्यात तिथल्या तिथे आम्ल घालावं लागतं आणि ती बाटली तेच देतात.

अहवाल आला की कशाशी ताडायचा? आधी संमतीपत्रातल्या मर्यादेशी, कारण ती त्या कारखान्यासाठी बांधून दिलेली असते. ढोबळ अंदाजासाठी पर्यावरण नियमांतली सर्वसाधारण मानकं घ्या. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लपणा मोजणारा आकडा, ५.५ ते ९. बीओडी आणि सीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजायला किंवा रासायनिक रीतीने जळायला किती ऑक्सिजन लागतो त्याची मापं. बीओडी जास्तीत जास्त ३०, सीओडी २५०, तरंगते घनपदार्थ १००, तेल-ग्रीस १०, पीएच सोडून हे सगळं मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. पण मिश्र सांडपाणी सार्वजनिक गटारात सोडायचं असेल तर बीओडीची मर्यादा एकदम ३५० होते. त्यामुळे विसर्गाची जागा कोणती, हे ठरवल्याशिवाय आकडा घेऊन भांडू नका.

चौथी पायरी: तक्रार

तक्रार उपप्रादेशिक अधिकाऱ्याकडे, प्रत प्रादेशिक अधिकारी आणि जिल्हाधिकाऱ्यांना. पोर्टलवर टाका, पण एक प्रत हातोहात देऊन पोच घ्या. मजकूर एका पानाचा. कारखान्याचं नाव आणि प्लॉट, संमतीपत्राचा क्रमांक, मोडलेली अट जशीच्या तशी, वहीतल्या पाच नोंदी, आणि शेवटी नेमकी मागणी. ‘कंपनी कायमची बंद करा’ ही मागणी सहसा कुठेच जात नाही, आणि गावातली निम्मी पोरं तिथेच कामाला असतील तर गावच फुटतं. ‘कलम २१ खाली पहाटेच्या वेळी नमुने घ्यावेत, मागच्या बाजूचा पाइप उघडून तपासावा, अट क्रमांक अमुकचा भंग आढळल्यास कलम ३३अ खाली आदेश द्यावेत’ असं लिहा. ३३अ हे मंडळाचं खरं हत्यार आहे. त्याखाली कारखाना बंद करण्याचा, त्याची वीज आणि पाणी तोडण्याचा आदेश देता येतो. हवेच्या कायद्यात हेच ३१अ, पर्यावरण कायद्यात कलम ५.

‘टाकी चुकून फुटली’ हे उत्तर आलं तर विचारा, मंडळाला कधी कळवलं? अपघाताने विसर्ग झाला तर कारखान्याने तो ताबडतोब कळवायचा असतो, असं कलम ३१ सांगतं. न कळवलेला अपघात हा वेगळा दोष.

पाचवी पायरी: माहितीचा अधिकार

तक्रारीनंतर महिना गेला की अर्ज टाका. महाराष्ट्रात १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एक विषय, १५० शब्दांची मर्यादा. ‘काय कारवाई केली’ एवढंच विचारलंत तर ‘कारवाई सुरू आहे’ एवढंच मिळेल. कागद मागा: गेल्या दोन वर्षांतले पाहणी अहवाल, प्रयोगशाळेचे अहवाल, कारणे दाखवा नोटिसा, त्यांना आलेली उत्तरं, जप्त झालेल्या बँक गॅरंटी (अटी पाळण्याची हमी म्हणून कारखान्याने ठेवलेली रक्कम), ऑनलाइन मापन यंत्राच्या नोंदी. ३० दिवसांत उत्तर न आल्यास पहिलं अपील.

या कागदांत एक जुनी गंमत सापडते. मंडळाच्याच नमुन्यात सीओडी मर्यादेच्या कितीतरी वर निघालेला असतो, नोटीस गेलेली असते, उत्तर आलेलं असतं, आणि फाइल तिथेच झोपलेली असते. तुमच्या बाटलीपेक्षा हा कागद शंभरपट भारी.

सहावी पायरी: प्रांताधिकारी

ही वाट लोक विसरतात. सार्वजनिक उपद्रव हटवण्याचे अधिकार कार्यकारी दंडाधिकाऱ्याला, म्हणजे प्रांताधिकाऱ्यालाही, आहेत. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२. रतलाम नगरपालिकेच्या १९८० च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच कलमावर उभं राहून सांगितलं होतं की पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. गावाच्या विहिरीत रसायन उतरलंय आणि आज काहीतरी थांबवायचंय, अशा वेळी प्रांतांच्या कचेरीची पायरी आधी चढा.

सातवी पायरी: हरित न्यायाधिकरण

२०१० च्या कायद्याने आलेल्या या न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. स्वतः बाजू मांडता येते. पण चांगला वकील मिळत असेल तर घ्याच. भरपाई मागायची नसेल तर अर्जाचं शुल्क १००० रुपये. भरपाई मागितली तर मागितलेल्या रकमेच्या एक टक्का, किमान १०००.

मुदत मात्र लाल पेनाने लिहून ठेवा. प्रदूषण थांबवण्याचा वाद कारण पहिल्यांदा घडल्यापासून ६ महिन्यांत न्यायचा असतो, सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस. भरपाई आणि पूर्ववत करून मागण्यासाठी ५ वर्षं. पर्यावरणीय मंजुरीविरुद्ध अपिलाला ३० दिवस, वर ६०. मंडळाकडे दोन वर्षं तक्रारींचा रतीब घालून मग पुण्याला जाणाऱ्यांचं प्रकरण मुदतीतच अडकतं. एकीकडे तक्रारी चालू ठेवा, दुसरीकडे कॅलेंडरकडे बघा.

भरपाईचा पाया म्हणजे ‘प्रदूषण करील तो भरील’ हे तत्त्व. राजस्थानातल्या उदयपूरजवळच्या बिछडी गावात एच-ॲसिड या रंग बनवायच्या रसायनाच्या कारखान्यांनी विहिरी नासवल्या. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने कारखान्यांना जबाबदार धरलं आणि पुढे खर्चाचा आकडा ठरला ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये. कंपनी अर्जांवर अर्ज करत राहिली, आणि २०११ साली न्यायालयाने ती रक्कम चक्रवाढ व्याजासह भरायला लावली. तत्त्व जिंकलं. विहिरी मात्र तेवढा काळ थांबल्या.

धोकादायक धंद्याच्या बाबतीत नियम आणखी कडक आहे. डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू गळला, तेव्हा एम. सी. मेहता यांच्या प्रकरणात न्यायालयाने संपूर्ण उत्तरदायित्वाचं तत्त्व मांडलं. काळजी घेतली होती, चूक दुसऱ्याची होती, असा कुठलाही अपवाद त्यात नाही.

दंडाचं बदललेलं गणित

जुने लेख वाचून ‘पाच वर्षं तुरुंगवास’ असं तक्रारीत ठोकू नका. जनविश्वास कायद्याने १ एप्रिल २०२४ पासून हवा आणि पर्यावरण कायद्यांतल्या बऱ्याचशा उल्लंघनांना कैदेऐवजी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आला आणि तो न्यायनिर्णय अधिकारी ठरवतो. जल कायद्यात अशीच दुरुस्ती २०२४ साली झाली, पण पाणी राज्यांचा विषय असल्याने ज्या राज्याने ठराव करून ती स्वीकारली तिथेच ती लागते. सुरुवात हिमाचल प्रदेश आणि राजस्थानपासून झाली. तक्रारीआधी तुमच्या राज्याची स्थिती तपासा. मोठ्या कारखान्याला १५ लाख म्हणजे किरकोळ खर्च, असं माझं स्पष्ट मत आहे. खरी भीती वीज तुटण्याची आणि भरपाईची. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंडळांनाही ३३अ आणि ३१अ खाली पर्यावरण भरपाई लावता येते असं सांगितलंय, हे तक्रारीत लिहायला विसरू नका.

कारखाना अजून यायचाच असेल तर

मग तुम्ही नशीबवान. मोठ्या प्रकल्पाआधी होणाऱ्या जनसुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात येते आणि प्रकल्पाच्या पर्यावरणीय परिणामांच्या अहवालाचा सारांश मराठीत मिळतो. भाषण करण्यापेक्षा लेखी हरकत द्या आणि इतिवृत्तात ती आली का ते बघा. परिसर आधीच अतिप्रदूषित यादीत आहे का, हेही विचारा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषण निर्देशांकात ७० च्या वर गेलेला पट्टा अतिप्रदूषित धरतात. २०१८ साली तारापूर औद्योगिक पट्ट्याचा आकडा ९३.६९ होता.

बंदचा आदेश निघाल्यावर

फटाके वाजवू नका. बंदचा आदेश बहुतेकदा काही आठवड्यांत सशर्त उठतो. पुन्हा सुरू करण्याच्या त्या आदेशाची प्रत मिळवा. त्यात नवी टाकी, फ्लोमीटर, बँक गॅरंटी अशा अटी तारखांसह असतात. त्या तारखा वहीच्या नव्या पानावर उतरवा, आणि पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री मागच्या भिंतीखालचा पाइप बघून या.